कोचीनची मसलत

एकट्या बाईने परमुलखी, लग्न, मुंज, इस्पितळ यांपैकी कोणतेही निमित्त नसताना, केवळ पाहण्यासाठी जावे की न जावे हा प्रश्न आमच्या रत्नागिरीत अद्याप तिच्या एकटीचा समजला जात नाही; त्यावर अभिप्राय देण्याचा अखत्यार आळीतील प्रत्येकास असून तो बजावण्यात सहसा कोणी कसूरही करीत नाही. माझे एक शेजारी जिल्हाधिकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, आणि त्यांची भाची येथल्याच एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पन्नाशीला पोचलेल्या या बाईंनी मे महिन्यात एके दुपारी, अढीतले आंबे निवडता निवडता, मामांना सांगितले की आपण येत्या पावसाळ्यात आठवडाभर कोचीनला जाणार असून बरोबर कोणीही नाही. मामांनी तत्काळ एक फुलस्केप कागद उभा दुमडला. डावी निम्मी बाजू शेऱ्यांसाठी कोरी राखून उजवीकडे मजकूर लिहिण्याची कचेरीतली रीत त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलेली नाही. दूधवाल्याचा हिशेबसुद्धा ते असाच मांडतात. त्या कागदाच्या निमित्ताने मामा-भाचीत जी मसलत झाली, आणि जिला वाद म्हटले तरी चालेल, ती माझी मधली लुडबूड बहुतेक वगळून येथे देतो.

मामा : समुद्र पाहावयाचा तर तो आपल्या मांडवीवर काय कमी पडला? नारळ म्हणशील तर भाट्याला नारळाचे संशोधन केंद्रच आहे, मासळी मिरकरवाड्याला आहे, आणि पाऊस तर असा की मोजणाऱ्याने कंटाळावे. उष्ण कटिबंधातले बंदरच हवे असेल तर ते पायाशी आहे. एवढ्यासाठी दहाव्या अक्षांशापर्यंत खाली उतरायचे, आणि तेही एकटीने, याचे प्रयोजन आधी सांग. मग पुढचे कलम.

भाची : समुद्र तोच आहे म्हणूनच जायचे, मामा. किनारा एक, पाऊस एक, आणि परशुरामाने समुद्र मागे हटवून जमीन काढली ही कथाही एक. आपण म्हणतो त्याने बाण मारला, ते म्हणतात परशू फेकला, एवढाच फरक. असे असता त्या बंदराच्या वाट्याला जे आले ते आपल्या बंदराच्या वाट्याला का आले नाही, हे मला तेथे उभे राहून पाहायचे आहे. 1341 साली पेरियार नदीला महापूर आला, त्याने क्रांगनोरकडचे जुने बंदर गाळाने बुजवले आणि दक्षिणेस कोचीनचे मुख मोकळे करून दिले, असे परंपरा सांगते. त्या मुखातून 1500 साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल आत आला, 1503 साली पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, 1663 साली डचांनी तो घेतला, 1795 साली इंग्रजांनी. आणि याच काळात गोव्यातून, पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून, आपली कोकणी बोलणारी सारस्वत मंडळी तेथे जाऊन राहिली ती आजतागायत आहेत.

मामा : ही सनावळी झाली, आणि सनावळी घरबसल्या वाचता येते. मी प्रयोजन विचारतो आहे.

भाची : रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट.

मामांची लेखणी थबकली, कारण ही नावे एखाद्या सोयरिकीतली असावीत अशा सुरात बाईंनी उच्चारली होती. येथे वाचकालाही थोडी माहिती देणे प्राप्त आहे. डच कंपनीचा कोचीन येथील अधिपती हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ नावाचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला, त्याचे बारा खंड 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला छापून निघाले. सातशेहून अधिक वनस्पतींची तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे त्यात असून चित्रावर त्या त्या वनस्पतीचे नाव रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांतून दिलेले आहे. माहिती पुरविणारा प्रमुख वैद्य इट्टी अच्युतन् हा मल्याळी. परंतु त्याच्या जोडीला हे तीन कोकणी सारस्वत वैद्य होते, आणि आपण हे काम केल्याचा जो दाखला त्यांनी 1675 साली लिहून दिला, तो पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेला आहे. मुंबईत नागरी मुद्रण सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपल्या लिपीतला मजकूर असा हॉलंडच्या छापखान्यातून बाहेर पडला, आणि पुढे लिनियससारख्या वर्गीकरणाच्या आद्य आचार्याने त्या ग्रंथाचा आधार घेतला. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घालून त्याचे इंग्रजी भाषांतर केले ते केरळ विद्यापीठाने 2003 साली प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या कोकणी बाईला हे गाव पाहावेसे वाटावे यासाठी माझ्या मते याहून निराळे प्रयोजन नको. पण मामा कच्च्या गुरूचे चेले नव्हेत.

मामा : ग्रंथ छापला अॅमस्टरडॅमला आणि त्याचे भाषांतर आहे तुमच्या ग्रंथालयाच्या कपाटात. मग कोचीनला जाऊन पाहणार काय? त्या तिघांच्या घराची पाटी?

भाची : पाटीसाठी कोण जातो? आपल्या सड्यावर जशी कित्येक रोपटी पहिल्या पावसाने कातळातून वर येतात आणि दिवाळीपूर्वी सुकून जातात, तशीच तिकडेही. वैद्यांनी ती ज्या दिवसांत ओळखली त्या दिवसांतच ती पाहिली पाहिजेत. आणि मट्टांचेरीला चेरलाईच्या भागात तिरुमल देवस्वमाच्या आसपास आजही घरोघर कोकणी बोलतात; सावंतवाडीकडची माझी कोकणी तेथे कितपत चालते हे मला तेथल्या एखाद्या आजीबाईंशी बोलून पाहायचे आहे.

मामांनी समासात लिहिले : ‘प्रयोजन मान्य. एकटेपणाबाबत खुलासा मागवावा.’

मामा : सहलीच्या मंडळींबरोबर का जात नाहीस? हल्ली या संस्था फार चोख व्यवस्था ठेवतात. आपला आचारी बरोबर, आपला व्यवस्थापक बरोबर, सकाळी पोहे, रात्री वरणभात. उतारवयाची माणसेसुद्धा निर्धास्त हिंडतात.

भाची : तुम्ही गेला होतात की असेच. कोचीनला काय पाहिलेत?

मामा : कोचीनला अर्धा दिवस होता. मुन्नारहून उतरायला उशीर झाला. यादी माझ्यापाशी दिलेली, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर मी माणसे मोजीत होतो. वास्को द गामाचे ते चर्च बाहेरून पाहिले. आत जाऊन आलेल्यांनी सांगितले की आत मोठाले पंखे आहेत.

हे उत्तर प्रामाणिक होते आणि त्यामुळेच घातक ठरले. सहलीच्या संस्थांविषयी माझे मत वाईट नाही; ज्या पिढीने पंढरपूर आणि लेकीचे सासर यांपलीकडे पाऊल टाकले नव्हते, तिला त्यांनी काश्मीर आणि कन्याकुमारी दाखविली, हा त्यांचा उपकार थोडा नव्हे. तथापि सेंट फ्रान्सिसच्या चर्चपर्यंत जाऊन मनुष्यगणतीच्या पायी आत पाऊल न टाकणे ही काही प्रवासाची सांगता म्हणता येत नाही. ते चर्च आरंभी लाकडी होते, 1516 च्या सुमारास ते दगडी झाले, आणि 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी गामा कोचीनला वारला तेव्हा त्याला त्याच्या जमिनीत पुरले. पुढे 1539 साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, तरी जागा कठडा घालून राखलेली आहे. पंखे मात्र खरेच पाहण्यासारखे आहेत. छताखाली आडव्या दांड्यांना कापडी झालरी बांधलेल्या, त्यांची दोरी भिंतीतून बाहेर गेलेली, आणि आत प्रार्थना चालू असता बाहेर उन्हात बसून ती दोरी ओढणारा पंखेवाला. साहेबी अंमलाचा एवढा बोलका दस्तऐवज एखाद्या पुराभिलेखागारातही सापडणे कठीण.

भाची : बरोबर माणसे असली की बोलणे घरचेच चालते, मामा. कोणाचा गुडघा, कोणाच्या सुनेचा फोन, गॅस बंद केला होता की नाही. शिवाय आपण झाडापाशी जरा वेळ उभे राहिलो की बरोबरचा माणूस घड्याळ पाहतो, आणि त्याने पाहिले नाही तरी तो पाहील या धास्तीने आपणच पाऊल उचलतो.

मामा : ठीक. मग माझाही एक प्रश्न ऐक. तुझे ते रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. तिघे मिळून बसले, एकाने सांगितलेले दुसऱ्याने ताडून पाहिले, तेव्हा त्या दाखल्याला किंमत आली. एकट्या रंगभटाने आपण पाहिले म्हणून लिहून दिले असते तर त्या डच साहेबाने ते मानले असते काय? एकट्याने पाहिलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो. आमच्या खात्यात पंचनाम्याला पंच लागतात ते उगाच नव्हेत.

यावर बाई निरुत्तर झाल्या. निदान आंबे निवडायचे थांबले. मामांच्या एकंदर प्रतिपादनातला हा सर्वांत वजनदार मुद्दा होता, आणि तो त्यांनी विरुद्ध पक्षाच्या दप्तरातून काढला होता. एकांतवासी प्रवासाचे जे गोडवे अलीकडे गायिले जातात त्यांत ही अडचण कोणी विचारात घेत नाही: दोघांनी पाहिलेल्या गावाविषयी दोघांत मतभेद होतो आणि त्या मतभेदात गाव अधिक स्पष्ट दिसते, एकट्याच्या डोळ्याला झालेला भ्रम मात्र जन्मभर तसाच राहू शकतो.

भाची : पंच हवेत हे कबूल. पण पंच गावचेच घेतात ना? तुम्ही पंचनाम्याला रत्नागिरीहून पंच बरोबर नेत होतात काय?

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे असे, की दोघी मैत्रिणी बोटीत बसल्या तर तिसरी बाई त्यांच्याशी बोलत नाही. एकटी बसली तर पाच मिनिटांत विचारते, कुठून आलात, कुठे उतरणार, जेवलात काय. एकटीला वाट विचारावी लागते, पदार्थाचे नाव विचारावे लागते, पाऊस आला तर कोणाच्या तरी पडवीत उभे राहावे लागते. माझे पंच मला तेथेच मिळतील, आणि बरोबर माणूस नसेल तरच मिळतील.

मला वाटते, सबंध मसलतीचे मर्म या उत्तरात होते. एकट्या प्रवाशाच्या स्वावलंबनाची आपण तारीफ करतो, परंतु वस्तुस्थिती उलट आहे. त्याच्याइतका परावलंबी माणूस दुसरा नसतो, आणि त्याच्या पदरात जे काही पडते ते या परावलंबनामुळेच पडते. मामांना हे पटले की नाही ते त्यांनी दर्शविले नाही. त्यांनी इतिहासाचा आश्रय घेतला.

मामा : सत्तावनच्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेले वरसईचे गोडसे भटजी पुरुष असूनसुद्धा चुलत्यांच्या सोबतीने गेले.

भाची : आणि 1883 साली आनंदीबाई जोशी नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेला गेल्या, अठरा वर्षांच्या असताना. जाण्यापूर्वी श्रीरामपूरला भर सभेत उभे राहून त्यांनी एकटी का जाते याचा जबाब दिला होता. दीडशे वर्षे होत आली. मी पन्नाशीला नेत्रावती एक्स्प्रेसने कोचीनला जाण्यासाठी पुन्हा तोच जबाब देत बसू?

मामा : त्या परत येऊन फार दिवस जगल्या नाहीत, हेही लक्षात ठेव.

हे वाक्य बोलल्यावर मामा स्वतःच ओशाळले. चोर, ठक, परका मुलूख हे त्यांचे बोलण्यातले भय होते. मनातले भय आजारपणाचे होते. परगावी मध्यरात्री ताप चढला, पाय मुरगळला, तर खोलीचे दार बाहेरून कोण ठोठावील, ही चिंता पुराणमतवादी नव्हे. ती कोणत्याही काळी, कोणत्याही प्रवाशाबाबत रास्त आहे. बाईंनीही हे ओळखले असावे, कारण येथून पुढे त्यांचा स्वर निवळला आणि बोलणे तजविजीवर आले.

पहिला खल ऋतूवरून झाला. मामांचे म्हणणे, जावे ते माघात, हवा कोरडी असताना. डिसेंबरअखेर तर मुळीच नको, कारण तेव्हा फोर्ट कोचीनमध्ये कार्निव्हल असतो, वर्षाच्या शेवटच्या रात्री समुद्रकाठी पप्पांजी नावाचा भला थोरला पुतळा जाळतात आणि खोल्यांचे दर दुपटीवर जातात. बाईंचा हट्ट जुलैचा. पाऊस तिकडे साधारण 1 जूनला उतरतो. जुलैच्या मध्यापासून कर्कटक महिना लागतो, आणि आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात तसे त्या महिन्यात तेथे घरोघर रामायण वाचतात, औषधी कांजी पितात. वैद्यांच्या मागावर निघालेल्या बाईला हा महिना सोडवत नव्हता.

मामा : जुलैत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते. गाडीचा वेग कमी करतात, दरडींवर पहारे बसवतात. 1998 साली रेल्वे सुरू झाली तेव्हापासून आपण पाहतोच आहोत. गाडी तुला पोचवील, पण केव्हा ते ती पोचल्यावरच कळेल. दुसरे, मासळी. आपल्याप्रमाणे तिकडेही यांत्रिक नौकांना बंदी असते, ती 31 जुलैपर्यंत. कोचीनला जाऊन सुकटीवर दिवस काढणार असशील तर गोष्ट निराळी.

दरडींना न जुमानणाऱ्या बाई मासळीपुढे नमल्या. ऑगस्टचा दुसरा आठवडा ठरला: बंदी उठलेली, कर्कटकाचे काही दिवस शिल्लक, पाऊस चालू पण जुलैइतका निकराचा नाही. दोन्ही पक्षांनी काही सोडून केलेली ही तडजोड मला उत्तम वाटते. पावसाळ्यात त्या शहरी जाणाऱ्याने एवढे मात्र समजून असावे की छत्री ही तेथे शोभेची वस्तू नव्हे, कपडे दोन दिवस वाळत नाहीत, आणि फोर्ट कोचीनचा किनारा फिरण्यासाठी आहे, पोहण्यासाठी नाही.

मुक्कामाच्या जागेवरून मामांची पहिली सरशी होता होता राहिली. त्यांनी स्टेशनाजवळचे एक हॉटेल मुक्रर केले होते. परंतु रेल्वे उतरवते ती एर्नाकुळमला, आणि बाईंना पाहायचे ते जुने शहर खाडीच्या पलीकडे. मधले विलिंग्डन बेट निसर्गाने केलेले नसून रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाचे आहे. सडकेने जावे तर वळसा आणि वाहनांची दाटी. बोटीने जावे तर जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत बसणाऱ्याला नवे काहीच नाही. सरकारी जलवाहतूक खात्याच्या जुन्या बोटी अल्प दरात पलीकडे सोडतात, आणि 2023 पासून विजेवर चालणारी ‘वॉटर मेट्रो’ही सुरू झाली आहे. फरक इतकाच की बोटी रात्रभर चालत नाहीत. म्हणून ठरले असे: पहिली रात्र एर्नाकुळमला, मामांच्या हॉटेलात, कारण पावसाळी वेळापत्रकातली गाडी अपरात्री पोचली तर बोटीचा भरवसा नाही, दुसऱ्या सकाळी बोटीने फोर्ट कोचीनला, एखाद्या कुटुंबाने चालविलेल्या होमस्टेमध्ये. तेथे घरधनीण असते, सकाळी पुट्टु-कडला कोणी खाल्ला नाही तर ती दार ठोठावते. मामांच्या मनातल्या भयावर हा उतारा होता, आणि तो बाईंनी न बोलता योजला होता.

मग आला दिनक्रम, आणि येथे मामांनी मैदान मारले. बाईंची योजना एका ओळीची होती: शुक्रवारी पलीकडे गेल्यावर ते दोन दिवस मट्टांचेरी.

मामा : मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. यहुद्यांचे प्रार्थनामंदिर शनिवारी बंद, कारण तो त्यांचा शब्बाथ. दोन दिवस कुलुपांचे निरीक्षण करणार होतीस काय?

भाचीने कपाळाला हात लावला. हे दोन्ही बंद दरवाजे हुकवण्यासारखे नाहीत. राजवाडा सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी बांधून कोचीनच्या राजाला नजर केला आणि पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून लोक त्याला डच राजवाडा म्हणतात. आतल्या भिंतींवर रामायण रंगविलेले आहे. प्रार्थनामंदिर 1568 चे. त्याच्या जमिनीला चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगविलेल्या फरशा आहेत, आणि 1968 साली त्याच्या चारशेव्या वर्षी इंदिरा गांधी तेथे गेल्या तेव्हा टपाल खात्याने तिकीटही काढले. कोकणवासीयांना त्याच्याशी आणखी एक धागा आहे. अलिबागकडचे आपले शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, यांना धर्मविधींचे पाठ देण्यासाठी कोचीनचे यहुदी येत असत. 1948 नंतर कोचीनच्या यहुद्यांतले बहुतेक इस्रायलला निघून गेले.

मामांचा तपशीलवार तक्ता असा यशस्वी ठरल्यामुळे त्यांनी तो पुढे रेटला, आणि तेथेच त्यांचा तोल गेला. तक्त्यात प्रत्येक स्थळापुढे वेळ घातलेली होती; चिनी जाळ्यांपुढे ‘20 मिनिटे’ असे लिहिले होते. या कलमावर मी माझे मौन सोडले. ती जाळी मी पाहिली आहेत. किनाऱ्यावर लाकडी माची, तिच्यावर सागाची आणि बांबूची लांबलचक तरफ, टोकाला ताणलेले जाळे आणि मागच्या दोरांना टांगलेले मोठमोठे दगड. एक माणूस मधल्या वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत जातो. त्याच्या वजनाने ते सगळे धूड वाकते आणि जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटे कोणी काही करीत नाही. मग पाचसहा जण मागचे दोर हात बदलत ओढतात, दगड एकामागून एक माचीवर टेकतात, जाळे वर येते, आणि त्यात बहुधा मूठभर मासे आणि पुष्कळशी जलपर्णी असते. पुन्हा तोच माणूस वाशावरून चालू लागतो. भरती-ओहोटीच्या तालावर चाललेल्या या उद्योगाला घड्याळ लावणे गैर आहे. बाईंनी ‘20 मिनिटे’ खोडून तेथे ‘पाण्याच्या मर्जीप्रमाणे’ असे लिहिले, आणि मामांनी ते खपवून घेतले.

जेवणाबाबत फारसा वाद झाला नाही. उकडा तांदूळ आणि खोबरे आपल्याला परके नव्हे; तिकडचा लालसर जाड भात, केळीच्या पानात भाजलेला करिमीन मासा, ताक, हे सारे कोकणी जिभेला ओळखीचे. जेवणाबरोबर गुलाबी रंगाचे कोमट पाणी देतात ते पाहून बुजू नये; पतिमुगम नावाच्या झाडाचे लाकूड घालून ते उकळलेले असते. वनस्पतिशास्त्राच्या बाईंना हे मी सांगावे लागले याचा मला अंमळ अभिमान वाटला.

परतीच्या तिकिटावर मात्र शेवटची चकमक झडली. बाईंना ते मोकळे ठेवायचे होते; मन रमले तर चार दिवस अधिक.

मामा : ऑगस्ट उतरणीला लागला की मुंबईचे चाकरमानी गणपतीला कोकणात येतात आणि मुंबईचे मल्याळी ओणमला केरळात जातात, दोघांचीही गाडी हीच. परत फिरणाऱ्यांची गर्दी निराळी. मन रमेल तेव्हा रमेल, बर्थ मिळणार नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडते. दोन्ही तिकिटे त्या त्या दिवशी सकाळी आठला काढायची.

भाची : आणि रोज रात्री हजेरीचा फोन?

मामा : फोन नको. एक ओळ लिहीत जा. जेवलीस एवढे पुरे. आणि 112 हा क्रमांक लक्षात ठेव. तो सगळीकडे चालतो.

दोघांपैकी कोण जिंकले असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की मामांची यादी त्यांच्या कारणांपेक्षा पुष्कळ चांगली होती आणि भाचीची कारणे तिच्या यादीपेक्षा. वार, बोटी, बंदी, बर्थ या गोष्टी कोणाशी बोलून बदलत नाहीत. त्यांची नोंद आधीच झाली पाहिजे. कोणाच्या पडवीत उभे राहायचे आणि जाळ्यापाशी किती वेळ काढायचा हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. आपल्याकडे निघणाऱ्या बाईची अडवणूक नेमकी उलट्या ठिकाणी होते: जेथे मदत हवी तेथे कोणी रेल्वेचे वेळापत्रक उघडत नाही, आणि जेथे तिचे तिला पाहू द्यावे तेथे सगळे सल्ला देतात. मामांनी निदान वेळापत्रक उघडले.

तिकिटे जूनमध्ये निघाली आहेत. जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही खालचे बर्थ. वाचकांपैकी कोणास त्या दिशेस जावयाचे असेल तर त्याने मट्टांचेरीसाठी शुक्रवार-शनिवार वगळून वार धरावा, पहिली रात्र एर्नाकुळमला काढावी, आणि एकटे जाणाऱ्या लेकीबाळींना घरच्यांनी प्रयोजन विचारण्याऐवजी गाडीची वेळ विचारावी.